आमच्याकडे बाबा घोरायचे

प्रिय चिमणे,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. मी नुसतं 'आई' म्हटलं की तुझी भाजी करपायला लागते. गेल्या आठवड्यात ती इतक्या वेळा करपली की तुमच्याकडे माणसं जेवतात काय, याचीच मला काळजी वाटायला लागली. तुला आधी शेवट वाचायची खोड आहे. आजच्या दिवस तेवढं करू नकोस. सुरुवातीपासून वाच, आणि ऑपरेशनच्या आधी वाच. मी उगाच घाबरवणारी नाही हे तुला ठाऊक आहे, पण यात जिवाचा प्रश्न आहे.

तू आईवर चिडली आहेस. तिने तुझ्या डॉक्टरांना परस्पर फोन केला, तुझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन लांबणीवर पडलं, झोपेच्या तपासणीचं लचांड मागे लागलं आणि सासूबाईंसमोर शोभा झाली. जावईबापूंनी हे सगळं मला सांगितलं. तुझा राग मला कळतो. माझ्या बाबतीत तिने हे केलं असतं तर मीही दोन दिवस तोंड फुगवून बसले असते. पण तीन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी तू गेल्यावर वॉर्डात काय घडलं, ते तुला माहीत नाही. तुला आम्ही एवढंच सांगितलं होतं की जरा ऑक्सिजन कमी झाला होता, आता बरी आहे. ते खोटं नव्हतं. पुरात घर गेलेल्या माणसाने 'जरा ओल आली होती' म्हणावं, तितपत खरं होतं.

आधी थोडं मागचं सांगते. तुला माहीत असलेलंच आहे, पण मला ते ओळीने मांडायचंय, नाहीतर पुढचं नीट सांगता येणार नाही. आपली आई घोरते. बघ, लिहितानाही मी मागे वळून पाहिलं, ती दारात तर उभी नाही ना म्हणून. साधंसुधं नाही, कपाटावरची भांडी किणकिणतील असं घोरते. आणि हे आपल्या घरात कधीच कुणी मोठ्याने म्हटलं नाही. बाबांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. पाहुणे राहून गेले की सकाळी चहाच्या वेळी बाबा आपण होऊन म्हणायचे, "झोप झाली का? माझ्या घोरण्याने त्रास झाला असेल." बाबा झोपले की मांजरासारखे झोपायचे, आवाज नाही. पण अख्ख्या नातेवाइकांत घोरणारे म्हणून नाव त्यांचं. आत्या तर त्यांना आगगाडीवाले म्हणायची. आई खाली मान घालून चहा ओतत राहायची, आणि बाबा तिच्याकडे न बघता हसायचे.

असं का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. आई शाळेत गणित शिकवायची. सहलीला मुलींबरोबर एका मोठ्या दालनात झोपली. परत आल्यावर वर्गाकडे पाठ वळवली की मागच्या बाकावरून घुर्र आवाज यायचा. आधी एक, मग चार, मग अर्धा वर्ग. मुली तिला इंजिनबाई म्हणायला लागल्या. शिक्षकांच्या खोलीतही कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमची मालगाडी वेळेवर सुटली म्हणे!" आणि सगळे हसले. आईही हसली. घरी येऊन मात्र बाबांना म्हणाली की पुरुष घोरला तर दमला असेल म्हणतात, बाई घोरली तर तमाशा होतो. त्यानंतर ती कधी सहलीला गेली नाही, कधी कुणाच्या घरी मुक्कामाला राहिली नाही. लग्नकार्यातही रात्री परत यायची. बाबांनी त्या दिवसापासून तिचं घोरणं आपल्या नावावर केलं. बाबा गेल्यावर तू आणि मी तेच पुढे चालवलं, कुणी न सांगता. पाहुण्यांना मी म्हणायचे, मीच घोरते हो. तू म्हणायचीस, आमच्याकडे बाबा घोरायचे.

आणि हेच तू भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. हसत हसत तूच मला नंतर सांगितलं होतंस. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला एकेक विचारलं. दात हलतात का, जिना चढताना दम लागतो का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, झोपेत घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का. घोरण्यापाशी आई थांबली आणि तिने तुझ्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं. तू लगेच म्हणालीस, "छे हो, आई अजिबात नाही. आमच्याकडे बाबा घोरायचे." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. चिमणे, तुझ्या जागी मी असते तरी माझ्या तोंडून हेच आलं असतं. आपण ते उत्तर विचार करून देतच नव्हतो. कुणी वरून काही फेकलं की हात वर जातो ना, तसं ते यायचं.

ऑपरेशन छान झालं. तू सकाळपासून तिच्याजवळ होतीस आणि दुपारी तुला परतीची गाडी पकडायची होती. मी चष्म्यांच्या दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावून आले. एक काका दोन फ्रेमींमध्ये अडकले होते, शेवटी मी त्यांना सांगितलं की दोन्हींत तुम्ही सारखेच दिसता. लिफ्टच्या दाराशी आपण भेटलो. तुझ्या खांद्यावर बॅग, चेहरा दमलेला पण मोकळा. तू म्हणालीस, "ताई, फार दुखत होतं गं तिला. मग सलाइनमधून काहीतरी जोराचं औषध दिलं. आता इतकी गाढ झोपलीये ना! घोरतेय सुद्धा. मी पडदा पूर्ण ओढून ठेवलाय, सिस्टरनाही सांगितलंय की आता उठवू नका. कुणाला कळायचं नाही." आणि आपण दोघी हसलो. इतक्या दिवसांनी आई नीट झोपली म्हणून हसलो. लिफ्टचं दार लागताना तू हात केलास. तो हात मला नंतर पुष्कळ दिवस दिसत राहिला.

वॉर्डाच्या तोंडाशीच मला तिचं घोरणं ऐकू आलं. खरं सांगते, बरं वाटलं. परक्या फिनेलच्या वासात, चाकांच्या ढकलगाड्यांत, आपल्या घराचा आवाज. तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, पाय वजनाला टांगलेला, हातात शब्दकोड्याचं मासिक. मला बघून म्हणाल्या, "तुमच्या आई का? काय बाई झोप म्हणायची! मला तर वाटलं वर छतावर काम काढलंय." मी सवयीने म्हणणार होते की माझी आई घोरत नाही. ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "पण आता जरा थांबत थांबत चाललंय बघा."

मी पडद्याच्या आत गेले. आई पाठीवर, मान जराशी मागे, तोंड उघडं. घोरणं चाललं होतं, पण घरच्यासारखं नव्हतं. घरचं घोरणं कसं सलग, गिरणीसारखं. हे ओढून काढल्यासारखं होतं, ओल्या दोरीने विहिरीतून जड काही वर घ्यावं तसं. मग थांबलं. थांबणं आपल्याला नवं नव्हतं. बाबा हळूच म्हणायचे ना, आता चढ लागला, गियर बदलतायत, आणि मग आपण हसत पुढच्या आवाजाची वाट बघायचो. मीही तशीच वाट बघत उभी राहिले. तिची छाती हलत होती, पोट हलत होतं, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. आतून कुणी बंद दारावर धक्के मारावेत तसं. मग एकदम घुसमटून एक श्वास आला. आणि परत काही नाही. यावेळी छातीही हळूहळू हलायची थांबली.

मी बाबांसारखं तिला कोपराने ढोसलं. घरी एवढ्यावर ती 'हं, जागीच आहे मी' म्हणून कुशीवर वळते. तिने काहीच केलं नाही. मी खांदा हलवला. "आई." हात गार आणि दमट होता. खिडकीचा उजेड तिच्या डोक्यामागून येत होता, म्हणून चेहरा नीट दिसत नव्हता. मी पडदा बाजूला ओढला, पूर्ण, त्या कड्यांचा खर्रकन आवाज झाला, आणि वॉर्डातला दिवा तिच्या तोंडावर पडला. तिचे ओठ राखाडी जांभळे होते. चिमणे, आपल्या आईचा तो रंग मी कधीही विसरणार नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारच्या आजींनी मात्र मासिक फेकून देऊन घंटीचं बटण असं धरलं की ते सोडेनातच.

सिस्टर धावत आल्या. तरुण होत्या, गोल चेहऱ्याच्या, सकाळी आईला 'आजी, आज आपण सुंदर दिसायचं' म्हणून केस विंचरून दिले होते त्याच. त्यांनी एका हाताने आईचा जबडा वर उचलून धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ तिच्या छातीच्या हाडावर जोराने घासली. "आजी! डोळे उघडा! श्वास घ्या, मोठा श्वास!" आणि आईने घेतला. सांगितलं म्हणून घेतला. डोळे अर्धे उघडले, बाहुल्या अगदी बारीक झालेल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि परत मिटले. श्वासही थांबला. सिस्टर पुन्हा ओरडल्या, आईने पुन्हा घेतला. म्हणजे तिला ऐकू येत होतं. फक्त आपणहून श्वास घ्यायचं तिच्या लक्षात राहत नव्हतं. सिस्टरनी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, त्यावरचा आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सलाइनमधलं ते औषध बंद केलं, दारातून कुणाला तरी 'भूलवाल्या मॅडमना बोलवा, पळा' असं सांगितलं आणि माझा हात धरून आईच्या जबड्याखाली ठेवला. "असं वर धरा. सोडू नका. आणि सांगत राहा त्यांना. मी उताऱ्याचं इंजेक्शन भरते. तुम्ही थांबलात तर त्या थांबतील."

तुम्ही थांबलात तर त्या थांबतील. हे वाक्य त्यांनी मला धाक घालायला म्हटलं नव्हतं, त्यांना खरंच इंजेक्शन भरायचं होतं. मी सांगत राहिले. "आई, श्वास घे. घे. अजून एक." सुरुवातीला ती घ्यायची. मग तिला माझा आवाज पुरेना. मी मोठ्याने म्हणत होते, विनवत होते, रडत होते, आणि माझ्या हातातला जबडा जड होत चालला होता. विनवण्या तिने आयुष्यात कधी ऐकल्यात? आपण 'प्लीज आई' म्हटलं की तिचं नाही पक्कं व्हायचं. मग माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? पाढे म्हणताना आपण अडकलो की ती टेबलावर पट्टी आपटून म्हणायची ते. मी खाटेच्या लोखंडी दांड्यावर दुसरा हात आपटला आणि तिच्याच आवाजात म्हणाले, "हं, पुढे!" आणि तिने श्वास घेतला. "हं, पुढे!" अजून एक. शेजारच्या आजीही म्हणायला लागल्या, "पुढे, बाई, पुढे!" त्या वॉर्डात आम्ही दोघी बायका एका निवृत्त गणिताच्या बाईंकडून एकेक श्वास म्हणवून घेत होतो.

डॉक्टरीणबाई पळत आल्या. पायातली एक चप्पल वाटेत कुठेतरी राहिली होती, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांनी उताऱ्याचं औषध सलाइनच्या नळीत थोडं थोडं सोडलं. जरा वेळ काही झालं नाही, आणि मग आईने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला, स्वतःचा, कुणी न सांगता. पाठोपाठ दुसरा. ओठांचा रंग बदलायला लागला. पण त्याच क्षणी आई किंचाळली. तो उतारा झोपेबरोबर दुखणं थांबवणारा गुणही पुसून टाकतो गं. आजच कापलेला गुडघा तिला सगळाच्या सगळा एकदम जाणवला. आपण तिला बाबा गेले तेव्हासुद्धा मोठ्याने रडताना ऐकलं नाही. त्या दुपारी मी ऐकलं. मी तिचा जबडा अजून धरूनच होते, सिस्टरनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

ती जरा स्थिर झाल्यावर डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. मला म्हणाल्या, "या झोपेत घोरतात का? नेहमी, घरी?" आई जागी होती. मास्कमागून माझ्याकडे बघत होती. चिमणे, तुला हसू येईल किंवा राग येईल, पण मी तेव्हाही गप्प राहिले. आत्ता आत्ता तिचा जीव परत आला होता आणि माझी जीभ तरीही हलेना, इतकं ते आपल्यात मुरलेलं होतं. शेवटी शेजारच्या आजीच म्हणाल्या, "अहो मॅडम, विचारता काय? मघापासून माझा टांगलेला पाय हलतोय त्या आवाजाने!" मग मी म्हटलं, "हो. घोरते. मध्ये मध्ये श्वासही थांबतो. पहिल्यापासून." आईने मान भिंतीकडे वळवली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "काल मला नाही म्हणून सांगितलं होतं. कळलं असतं तर हे औषध मी अगदी बेताने दिलं असतं, त्यांना पाठीवर न ठेवता कुशीवर ठेवलं असतं, बोटाला चिमटा सतत लावून डोळ्यांसमोर ठेवलं असतं." मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. हे अफूच्या जातीचं औषध. दुखणं थांबवतं, पण श्वास घ्यायची आठवणही मंद करतं आणि घसा सैल पाडतं. ज्याचा घसा झोपेत मुळातच मिटतो, त्याचा तो आणखी मिटतो. एरवी श्वास अडला की माणूस दचकून जागा होतो. या औषधावर होत नाही. "नातेवाईक घोरणं ऐकतात आणि खूश होतात, गाढ झोप लागली म्हणून," त्या म्हणाल्या. "ती झोप नसते हो. ते अर्धं बंद झालेलं दार असतं." त्यांनी सिस्टरना माझ्यासमोर बोल लावला नाही, फक्त म्हणाल्या की झोपलेल्या माणसाला उठवू नका असं कुणी सांगितलं तरी यापुढे उठवायचं.

त्या रात्री आईला देखरेखीच्या खोलीत हलवलं. दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "धाकटीला सांगू नकोस." मी म्हटलं, काय सांगू नको? "ती काय म्हणाली होती डॉक्टरांना, ते. आणि पडद्याचं. तिने माझी लाज राखली. तिला कळलं तर ती आयुष्यभर झोपायची नाही." मी शब्द दिला. म्हणून जरा ऑक्सिजन कमी झाला होता. आज तिनेच मला त्या शब्दातून मोकळं केलं आहे, नाहीतर मी हे लिहिलं नसतं. आणि मी तुला दोष देत नाही, हे दोनदा वाच. तू जे केलंस ते आपल्या घरात मायेने वागण्याची एकच रीत होती म्हणून केलंस.

आई आता रात्री श्वास अडू नये म्हणून मशीन लावून झोपते, हे तुला माहीत आहे, पण तू ते कधी पाहिलेलं नाहीस. नाकावर मुखवटा, त्याला लांब नळी. तिने त्याला हत्ती असं नाव ठेवलंय. कुणी येणार असलं की हत्ती कपाटात, साड्यांच्या मागे. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या आणि कपाटाच्या दारातून सोंड लोंबत होती. आई म्हणाली, "ते होय, व्हॅक्यूम क्लीनर." तर सांगायचं म्हणजे, ती काही सुधारलेली नव्हती. गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात जावईबापूंचा फोन आला तेव्हा आई आणि मी मटार सोलत बसलो होतो. फोन मोठ्या आवाजावर होता. ते मजेने सांगत होते, "तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी हिला विचारलं घोरता का, तर हिने माझ्याकडे असं बघितलं ना ताई, की मीच म्हणालो, छे छे, मी घोरतो." आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने मला जावईबापूंकडून डॉक्टरांचा नंबर घ्यायला लावला. मी म्हटलं, मी बोलते, तुला कशाला. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "डॉक्टर, मी तिची आई. मी घोरते," ती म्हणाली, शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात. "फार मोठ्याने. आणि माझी मुलगी घोरते. नाही म्हणाली असेल तर ते तिला माझ्यामुळे म्हणावं लागलं." पुढचं तुझ्या कानावर आलेलं आहे.

पण पलीकडून डॉक्टरांनी विचारलं होतं की तिचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुम्हाला कसं माहीत. त्यावर आई काय म्हणाली ते तुला कुणी सांगितलेलं नाही, मलाही ते तेव्हाच कळलं. कॉलेजात असताना तुझ्या मैत्रिणी परीक्षेच्या आधी अभ्यासाला राहायच्या, आणि आई उशी घेऊन तुमच्या खोलीत येऊन झोपायची. तू किती चिडायचीस! मैत्रिणी दुसऱ्या दिवशी तिच्या घोरण्याची नक्कल करायच्या आणि तू आठवडाभर तिच्याशी बोलायची नाहीस. आई डॉक्टरांना म्हणाली, "ती झोपली की घोरायला लागायची. मग मी घोरायचे. जागी असायचे मी, डोळे मिटून मुद्दाम घोरायचे, तिच्याहून मोठ्याने. मुलींना हसायचंच असेल तर मला हसू देत." चिमणे, जिने एका हशासाठी शाळेच्या सहली सोडल्या, तिने. आता काल जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले की तू दुसरं हॉस्पिटल गाठलं आहेस, सोमवारी तपासणी आहे, आणि तिथे आईचा फोन पोचणार नाही असं तू म्हणालीस. म्हणून हे पत्र. तिथला नंबर आईने माझ्याकडून मिळवलाय, चष्मा लावून बसलीये, पण मी तिला थांबवून धरलंय, कारण आता हे तिने तुझ्या वतीने बोलायचं नाही. तुला विचारतील तेव्हा तू सांग, तुझ्या तोंडाने, जावईबापूंकडे न बघता. आधी त्या डॉक्टरांना सांग आणि मग आईला फोन कर. ती फोनजवळच आहे.

तुझीच,
ताई